घरच्या वाईनचा सडका वास: यीस्टचा खुराक, मोरचूद आणि फळीवरच्या बाकीच्या बाटल्या

वाईनचा घाण वास घालवायला जे जे विकत मिळतं, त्यातलं बरंचसं गेल्या सप्टेंबरपासून आमच्या तळघरातल्या फळीवर आहे. आता दोन हंगामांची वाईन बाटल्यांत गेली आहे, तेव्हा काय उपयोगी पडलं आणि काय नुसतं धूळ खात बसलं ते सविस्तर लिहितो. घाईत असाल तर निकाल आधीच घ्या: पैसे वसूल झाले ते पहिल्या आठवड्यात घालायच्या यीस्टच्या खुराकाने. मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण चांगलं आहे, पण एकाच जातीच्या वासावर आणि तेही वेळेत वापरलं तर.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाची वाईनची द्राक्षं ३६ पौंडांच्या खोक्यांतून येतात, मे महिन्याच्या आसपास चिलीची. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घरात २०० गॅलन वाईन करता येते, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी हे फक्त वाचावं.

सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. पादेलोणाचा डबा उघडल्यावर नाकात जातो तोच वायू. लिटरला एक-दोन मायक्रोग्रॅम असला तरी कळतो, म्हणून थोडासा आहे, चालेल, असं इथे म्हणता येत नाही. यीस्टला स्वतःची प्रथिनं बांधायला गंधक लागतं, ते रसातल्या सल्फेटपासून सल्फाइड तयार करतं आणि अमिनो आम्लात बसवतं. बसवायला नायट्रोजन हवा. तो संपला की सल्फाइड तयार होत राहतं, पण त्याला घर मिळत नाही, आणि ते वासाच्या रूपाने बाहेर पडतं. दुसरं कारण द्राक्षावरच असतं: भुरी या बुरशीरोगासाठी मारलेलं गंधक काढणीपर्यंत सालीवर राहिलं तर तेही टाकीत येतं. आंबताना उष्णता फार वाढली किंवा तळाशी गाळाचा जाड थर दाबून बसला तरी हेच.

माझ्या मामांची निफाडला द्राक्षबाग आहे. त्यांना फोनवर माझी खरेदीची यादी सांगितली तर ते हसायलाच लागले. "गंधक, मोरचूद, डीएपी! अरे, ही तर आमच्या शेडातली यादी वाचतोयस." खरंच आहे. भुरीवरचं गंधक वास आणतं, बोर्डो या फवारणीच्या मिश्रणातलं मोरचूद तो काढतं, आणि डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट हे नायट्रोजनचं खत, घातलं की बहुतेकदा तो मुळात येतच नाही. पुढे त्यांनी विचारलं, "मग गोणीतलंच घालतोस की काय?" नाही. खताचं डीएपी वाईनमध्ये घालायचं नसतं, मोरचूदही शेतीचं चालत नाही. दोन्ही खाद्य प्रतीचे मिळतात आणि घरगुती प्रमाणात इतके थोडे लागतात की काटकसर करायची ही जागाच नव्हे.

आता खुराकाबद्दल. कॅलिफोर्नियातल्या लोदीच्या झिनफँडेल या काळ्या द्राक्षांसोबत आलेल्या किटमध्ये (दुकानाचं नाव घेत नाही) न्यूट्रिएंट म्हणून नुसत्या डीएपीची पुडी होती आणि सूचना होती की सगळं पहिल्याच दिवशी ओता. त्या बॅचला आंबवण जोरात असतानाच वास आला. नुसतं डीएपी वाईट नाही. लिटरला १ ग्रॅम घातलं तर साधारण २१० मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो, आणि २४ ब्रिक्सच्या (साधारण २४ टक्के साखरेच्या) रसाला यीस्टला वापरता येईल असा २०० ते २५० मिलिग्रॅम तरी हवा, म्हणजे हिशेबात ते भरपूरच आहे. पण सगळं एकदम मिळालं की यीस्टची संख्या धडाधड वाढते, आणि निम्म्या वाटेवर या सगळ्या तोंडांना पुरेल इतकं काही उरत नाही.

त्यानंतर मी फर्मेड ओ वापरायला लागलो. हा मेलेल्या यीस्टपासून केलेला सेंद्रिय नायट्रोजन, त्यात डीएपी अजिबात नाही. हेक्टोलिटरला (१०० लिटरला) ४० ग्रॅम, म्हणजे २३ लिटरच्या बुधल्याला जेमतेम ९ ग्रॅम, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता फेस धरू लागला की, दुसरा एक तृतीयांश साखर उतरली की. हायड्रोमीटर (साखर किती उरली ते दाखवणारी तरंगती नळी) न बघता दिवसावर जाऊ नका, कारण गरम तळघरात तिसऱ्या दिवशीच ती वेळ येते. अर्धी साखर संपल्यावर घातलेला खुराक यीस्ट नीट घेतच नाही, तो पुढे नको त्या जिवाणूंच्या तोंडी जातो. यीस्ट भिजवताना गो-फर्म, म्हणजे भिजवणीच्या पाण्यात घालायचा खुराक: वीसपट पाण्यात, पाणी ४३ अंश, ते ४० वर उतरलं की यीस्ट. आधी हा प्रकार मला चोचले वाटायचा. चिलीच्या मालबेक द्राक्षांना दोन्ही वापरले आणि आंबवण संपेपर्यंत टोपलीभर द्राक्षांचाच वास येत राहिला. एका बॅचवरून सिद्धांत मांडू नये हे मान्य, द्राक्षंही वेगळी होती. पण माझं मत ठरलंय.

वास आंबवण चालू असतानाच आला, तर आधी फुकटचा उपाय करा. वाईन उंचावरून धार धरून दुसऱ्या भांड्यात ओता. वायू उडून जातो, यीस्टलाही हवा मिळते, आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. हे आंबवण संपायच्या आत. महिन्यांनंतर तीच हवा घातक ठरते, ते खाली येतंय.

मोरचुदाची १ टक्क्याची बाटली दहा-बारा डॉलरच्या आत मिळते. हिच्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोक एक तर हिला घाबरतात किंवा अंदाजाने ओततात. १ टक्का म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम मोरचूद, आणि त्यातलं सुमारे चतुर्थांश वजन तांब्याचं. २३ लिटरमध्ये २.३ मिलिलिटर घातलं की लिटरला पाव मिलिग्रॅम तांबं झालं. अमेरिकेत व्यावसायिक वाईनला घालताना लिटरला ६ मिलिग्रॅम तांब्याची आणि शेवटी उरलेलं ०.५ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. घरच्याला ती बंधनकारक नाही, पण मी दुसरा आकडाच डोळ्यासमोर ठेवतो, कारण घरी उरलेलं तांबं मोजायची सोय नसते. घातलंच कमी की उरण्याचा प्रश्न नाही.

किती घालायचं हे बुधल्यात नव्हे, टेबलावर ठरतं. बाटलीतलं द्रावण डिस्टिल्ड पाण्याने दहापट पातळ केलं, १०० मिलिलिटरचे तीन ग्लास भरले. एकाला काहीच नाही, एकाला ०.१ मिलिलिटर, एकाला ०.२. बुडाला मास्किंग टेपवर खुणा, वर बश्या झाकल्या आणि पंधरा मिनिटं थांबलो. माझं नाक तोवर मेलेलं होतं. तासभर त्याच वासात राहिलं की नाकाला तो कळेनासा होतो. आई इथे आलेली होती. ती वाईनला हात लावत नाही, म्हणूनच परीक्षक उत्तम. पहिल्या ग्लासची बशी उचलून तिने चेहरा फिरवला, "गटार." दुसरा हुंगून म्हणाली, "हं, हे मनुकांसारखं." तिसरा तिला दुसऱ्यासारखाच वाटला. म्हणजे ०.१ पुरे, तेच प्रमाण बुधल्याला. दुसऱ्या दिवशी तळघरातला वास गेलेला होता.

इथे जाहिरात सांगत नाही ती गोष्ट: तांबं आणि सल्फाइड मिळून जे होतं ते इतकं बारीक असतं की सहजासहजी तळाला बसत नाही. वाईनमध्ये तरंगत राहिलं तर बंद बाटलीत पुढे पुन्हा वास सुटू शकतो, विशेषतः स्क्रू कॅप असेल तर, कारण तिच्यातून हवा फार कमी जाते. म्हणून मोरचूद घातल्या घातल्या बाटल्या भरू नयेत. मी बुधला थंड कोपऱ्यात ठेवला, काही आठवड्यांनी वरची वाईन सायफनने काढून घेतली. तांबंयुक्त मृत यीस्टची पूड मिळते, रीड्युलेस हे तिचं एक नाव. तिचा फायदा हाच, की कण जड असल्याने तांबं सोबत घेऊन खाली बसतात. हेक्टोलिटरला १० ते १५ ग्रॅम, तीन दिवसांनी वाईन वरून काढून घ्यायची. २३ लिटरला तीनेक ग्रॅम लागते आणि पाकीट भलंमोठं येतं, म्हणून दोघा-तिघांत वाटून घ्या.

आमच्या गल्लीतले एक इटालियन आजोबा तांब्याच्या नळीचा तुकडा वाईनमध्ये ढवळतात. चालतं? चालतं. पण किती तांबं उतरलं ते कुणालाच माहीत नाही. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ताक ठेवायचं नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, आणि वाईन तर चांगलीच आंबट. ग्लासात चाचणीपुरती तांब्याची तार फिरवून वास जातो का बघा, खुशाल बघा. बुधल्यात नको.

मग असा वास, जो तांब्याने जात नाही. मंडळातल्या एका काकांनी त्यांची कॅबर्ने (लाल वाईन) हिवाळाभर जाड गाळावर ठेवली होती, ती घेऊन ते माझ्याकडे आले. वास अंड्याचा नव्हता, कापून ठेवलेल्या शिळ्या कांद्याचा, मागून जळक्या रबराची झाक. सल्फाइड तसंच पडून राहिलं की त्याचे मरकॅप्टन (गंधकाचीच, कांद्यासारख्या वासाची संयुगं) होतात, आणि त्यांना हवा लागली की डायसल्फाइड. मरकॅप्टनला तांबं पकडतं, डायसल्फाइडला नाही. काकांनी वास घालवायला वाईन दोनदा वरून धार धरून ओतली होती, त्यामुळे तिसरी पायरीही गाठून झाली होती. मोरचूद घातलेल्या चाचणीच्या ग्लासात काही फरक पडला नाही.

इथे फळीवरचं एस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे सी जीवनसत्त्व, कामाला आलं. लिटरला ५० मिलिग्रॅम. ते डायसल्फाइडचं पुन्हा मरकॅप्टन करतं, आणि मग तांब्याला पकडायला काही सापडतं. दोन अटी: आधी वाईनमध्ये पुरेसा मोकळा सल्फर डायऑक्साइड असू द्या, नाहीतर एस्कॉर्बिकच हवेशी मिळून नवं संकट उभं करतं. आणि घाई नको, ही उलटी क्रिया संथ असते. आम्ही काही दिवस थांबून मग मोरचूद घातलं. वास निम्म्याहून जास्त उतरला. पूर्ण गेला नाही. काका म्हणाले, "मटणासोबत कोण एवढं हुंगतंय?" आणि बुधला घेऊन गेले. स्वतःची असती तर मी ती बाटलीत भरली नसती.

बाकीच्या वासांबद्दल थोडक्यात, कारण तिथे खरेदी करण्यासारखं फार नाही. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर आला तर घरी उपाय नाही. ॲसिटिक आम्ल आणि इथाइल ॲसिटेट काढायचं यंत्र वाईनरीत असतं, तळघरात नाही. व्हिनेगर करा, पण वाईनच्या सामानापासून लांब. जिरेनियमच्या चुरगळलेल्या पानांचा वास आला, तर पोटॅशियम सॉर्बेट (यीस्ट पुन्हा वाढू नये म्हणून घालतात ते) आणि लॅक्टिक जिवाणूंची गाठ पडली आहे आणि तो जायचा नाही. ओल्या वर्तमानपत्राचा कुबट वास बुचाचा असतो. त्यावर पॉलिइथिलीनचा कागद बुडवायचा उपाय सांगतात, तो एका बाटलीपुरता ठीक. मेटाबायसल्फाइट (वाईन टिकवायला घालतात तो गंधकाचा क्षार) नुकतंच घातल्यावर आगकाडीचा झणका येतो, त्याला काहीच करू नका, आपला जातो.

ॲक्टिव्हेटेड कार्बनची पुडी फळीवर तशीच आहे. वासाबरोबर रंग आणि चवही खेचून नेते, लाल वाईनमध्ये घालायचा धीर होत नाही.

कुणी काय घ्यावं? डब्यातल्या रसाच्या किटवर वाईन करणाऱ्याला यातलं बहुतेक काही लागत नाही, उत्पादकाने रस सावरून दिलेला असतो. मध किंवा सफरचंदाची करत असाल तर उलट, त्यांत नायट्रोजन मुळातच तुटपुंजा, तिथे खुराकाशिवाय सुरुवातच करू नका. ताज्या द्राक्षांची करणाऱ्याने फर्मेड ओ, गो-फर्म आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा छोटा तराजू आधी घ्यावा. मोरचूद दुकानात मिळतंच, पण वास आल्यावर मागवलं तर येईपर्यंत आठवडा जातो, म्हणून एक बाटली घरात असू द्यावी, लहान मुलांच्या हाताबाहेर. या सप्टेंबरसाठी मी खुराकाची दोन पाकिटं मागवली आहेत. द्राक्षवाल्याला शेवटची गंधकाची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी झाली, हेही विचारून ठेवलंय. त्याने आधी खांदे उडवले, पण मळ्याला फोन करून सांगतो म्हणालाय.