पेपर कुठे पाठवायचा? फी भरून ओपन ॲक्सेस की विनाशुल्क नियतकालिक

माझी एक विद्यार्थिनी दख्खनच्या बेसॉल्टमधल्या विहिरींच्या पाण्यावर पीएचडी करत होती. एका नियतकालिकाने तिचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, स्वीकारल्याचा मेल संध्याकाळी आला, विभागात पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशनाच्या फीचं बिल आलं, दोन हजार डॉलरहून जास्त. तिच्या एसआरएफचे (सीनियर रिसर्च फेलोशिपचे) चार महिने त्यात गेले असते. फीचा आकडा त्या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर पहिल्यापासून होता. तो पाहणं गाइड म्हणून माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. पेपर मागे घ्यावा लागला. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पेपर लिहायच्या आधीच नियतकालिक ठरवायला लावतो.

मुख्य फरक पैशाचा. वाचकाला सगळं मोफत आणि लेखकाकडून फी, ही पूर्ण ओपन ॲक्सेसची नेहमीची रीत. प्लॉस वन किंवा सायंटिफिक रिपोर्ट्ससारख्या नियतकालिकांत ही फी दोन हजार डॉलरच्या पुढे जाते. गरीब देशांतल्या लेखकांना माफी असते, पण मोठ्या प्रकाशकांच्या त्या यादीत भारत सहसा बसत नाही, त्यामुळे 'नंतर अर्ज करू' या भरवशावर राहू नका. याउलट वर्गणीवर चालणारी नियतकालिकं लेखकाकडून बहुधा काहीच घेत नाहीत. तिसराही एक मार्ग आपल्या देशात आहे आणि त्याकडे मुलांचं लक्षच जात नाही. बंगळूरुची भारतीय विज्ञान अकादमी (सी. व्ही. रामन यांनी 1934 मध्ये स्थापलेली) आपली नियतकालिकं स्प्रिंगरबरोबर काढते आणि तेच लेख अकादमीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. भूशास्त्राच्या मुलांना मी 'जर्नल ऑफ अर्थ सिस्टम सायन्स' आधी पाहायला सांगतो ते यामुळेच.

पण निवड नुसत्या पैशाची नाही, पेपर कसा लिहायचा तेही तिथेच ठरतं. 2006 मध्ये सुरू झालेल्या प्लॉस वनमध्ये रिव्ह्यूअरने, म्हणजे पेपर तपासणाऱ्या त्या विषयातल्या जाणकाराने, पाहायचं ते एवढंच, की पद्धत बरोबर आहे का आणि निष्कर्ष आकड्यांवर उभे आहेत का. शोध किती मोठा, हा प्रश्न तिथे नसतो. म्हणून पद्धतीचा भाग भक्कम हवा आणि मूळ आकडे सगळ्यांना पाहता येतील असे ठेवावे लागतात. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. आमच्या फील्डच्या वहीत विहिरी 'पाटलांची', 'देवळामागची' अशाच नोंदलेल्या होत्या. मालकांची नावं काढायची, प्रत्येक विहिरीला क्रमांक द्यायचा, अक्षांश-रेखांश तपासायचे, नमुना घेतल्याची तारीख आणि एकक प्रत्येक रकान्यात आहे ना ते बघायचं, यात दोन आठवडे गेले. विषयाला वाहिलेल्या वर्गणीच्या नियतकालिकात मात्र पहिली चाळणी संपादकाच्या टेबलावरच होते. यात नवीन काय आणि आमच्या वाचकाला त्याचं काय, याचं उत्तर कव्हर लेटरच्या (पेपरसोबत संपादकाला लिहिलेल्या पत्राच्या) पहिल्या दोन-तीन वाक्यांत मिळालं नाही, तर पेपर रिव्ह्यूअरपर्यंत पोचतच नाही. तिथे प्रस्तावना आणि कव्हर लेटर यांवर जास्त घाम गाळा.

वेळेचा हिशोब कुणी खात्रीने देऊ शकत नाही. रिव्ह्यूअर मिळेपर्यंत दोन्हीकडे महिने जातात. एक मात्र पक्कं समजा: आठवड्याभरात स्वीकृतीची हमी आणि हातात पैसे भरायचा क्यूआर कोड, असं कुणी म्हणालं तर तिथे रिव्ह्यू होतच नाही. 2018 मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं होतं, की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून जास्त निकृष्ट होती. चांगल्या नियतकालिकांची नंतरची केअर यादीही यूजीसीने 2025 मध्ये बंद केली, म्हणजे पारख आता आपल्यालाच करायची आहे. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांची पानं त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उघडून पाहा आणि गेल्या वर्षीचे दोन पेपर शेवटपर्यंत वाचा.

राहिला वाचकांचा प्रश्न. 'वर्गणीच्या नियतकालिकातला पेपर कोण वाचणार?' ही भीती आता तेवढी खरी नाही. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची सामायिक वर्गणीची योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाल्यावर सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं खुली झाली आहेत. खासगी विनाअनुदानित कॉलेजातला वाचक आणि गावातला पाणलोट कार्यकर्ता मात्र बाहेरच राहतो. त्याच्यासाठी स्वीकृत हस्तलिखित, म्हणजे प्रकाशकाने मांडणी करण्याआधीची प्रत, विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात (रिपॉझिटरीत) ठेवा. बरेच प्रकाशक ठरावीक काळानंतर त्याला परवानगी देतात.

माझा सल्ला स्पष्ट आहे. प्रकल्पाच्या मंजूर अनुदानात प्रकाशनाचा खर्च धरलेला असेल आणि तुमचे आकडे इतरांना थेट वापरता येण्याजोगे असतील, तर ओपन ॲक्सेसची फी जरूर भरा. फेलोशिपमधून किंवा घरच्यांकडून पैसे आणावे लागत असतील तर मुळीच नको, विनाशुल्क नियतकालिक निवडा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत प्रबंधाआधी पेपरची सक्ती राहिलेली नाही, पण आपल्या विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो, तो पीएचडी विभागात विचारून घ्या. आणि कितीही घाई असली तरी एकच पेपर एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. दोन्हीकडे एकच रिव्ह्यूअर निघाला तर दोन्हीकडचा पेपर जातो आणि गाइडचं नावही त्यात असतं.