सांगलीतले ताडपत्रीवाले काका आणि आमच्या बोटीचं कापडकाम

पावसाळा सरला की २०२८च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं शिडाच्या बोटीवर राहायला जाणार आहोत. आधी कोची, मग मालदीव, पुढचं वारा बघून. बोट ३१ फुटी, फायबरची, आमच्या लग्नाच्या वयाची. सध्या ती गोव्यात एका खाडीत नांगरावर असते आणि आम्ही सांगलीत विश्रामबागला. म्हणून तयारीतलं जे जे गाडीत घालून नेता येतं, ते इथेच करून घ्यायचं ठरवलं. यादी केली तेव्हा कळलं की त्यात सगळ्यात मोठं काम कापडाचं आहे: कॉकपिटवरचं, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेवरचं छत, झोपायच्या जागेचे कठडे, शिडाचं कव्हर, हत्यारांच्या गुंडाळ्या.

गेली दोन वर्षं हे काम मी मार्केट यार्डाजवळच्या एका ताडपत्रीच्या दुकानातून करून घेते आहे. दुकानाला पाटी नाही. दारात निळ्या ताडपत्रीचे गुंडाळे उभे असतात, तीच खूण. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण काकांनीच सांगितलंय, "हायती तीच कामं उरकंनात ताई, आणि नवीन कुठं घेऊ?" त्यांचा मुख्य धंदा ट्रकच्या ताडपत्र्या आणि बेदाण्याच्या शेडचं कापड आणि जाळी.

बेदाण्याच्या शेडमुळेच मी त्यांच्याकडे टिकले. पहिल्या दिवशी मी कापडाचे नमुने घेऊन गेले होते आणि कापडाबद्दलच बोलत होते. काकांनी कोपऱ्यात पडलेलं, तासगावकडच्या एका शेडवरून उतरवलेलं कापड ओढलं आणि शिवणीत नख घातलं. कापड धड होतं, दोरा मात्र पिठासारखा तुटत गेला. "कापड टिकतंय ओ. उन्हानं आधी दोरा जातोय." बोटीवर हेच होतं. चांगलं ॲक्रिलिक कापड, ज्याच्या धाग्यातच रंग असतो, आठ-दहा वर्षं काढतं. पण साधा पॉलिएस्टरचा दोरा सतत उन्हात असला की दोन-तीन वर्षांत कुजतो आणि छत शिवणीत उसवतं. म्हणून टेफ्लॉनचा दोरा मागवला. महाग आहे, पण ऊन त्याला काही करत नाही. तो इतका निसरडा की काकांच्या मशीनवर खालचा टाका ढिला पडायला लागला. त्यांनी दुपारचा तासभर नुसत्या चिंध्यांवर टाके घालून वरचा-खालचा ताण जुळवला आणि मगच माझ्या कापडाला हात लावला. त्या तासाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

सुती कॅनव्हास घेऊ का, असं मी विचारलं होतं, कारण ते हाताला छान लागतं. त्यावर त्यांनी भिंतीवरची रेघ दाखवली. २०१९च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा दुकानात पाणी कुठवर आलं होतं त्याची ती खूण. पाणी ओसरल्यावर पॉलिएस्टरच्या ताडपत्र्या धुऊन विकता आल्या. सुती कनाती मात्र घडीतच काळ्या पडल्या होत्या, हातात घेतल्या की फाटायच्या. जिथे कापड आठवडेच्या आठवडे दमट राहणार, तिथे सुताचा विचार मी त्या दिवशी सोडला.

छताचं माप ३.२ मीटर बाय २.४ मीटर. मध्ये किंचित खोलगट ठेवून तिथे नळीचं तोंड बसवलंय, म्हणजे पावसाचं पाणी टाकीत घेता येतं. १० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने साधारण सत्त्याहत्तर लिटर होतं. वाऱ्यात त्यातलं बरंच सांडणार हे धरूनही दोघांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं तीन-चार दिवसांचं पाणी सुटतं. सुरुवातीचं पाणी सोडून द्यायचं, त्यात कापडावरचं मीठ असतं. शिलाईचे २,८०० रुपये झाले, कापड माझं.

इथे एक चूक झाली ती सांगते. छताच्या दोरी ओवायच्या रिंगा पितळी सांगितल्या होत्या. महिनाभर गोव्यात राहून छत परत आणलं तर प्रत्येक रिंगेभोवती तांबूस डाग. लोहचुंबक लावला, चिकटला. आत लोखंड, वर नुसता मुलामा. काकांनी व्यापाऱ्याकडून आलेली अख्खी पिशवी माझ्यासमोर चुंबकाने तपासली, सगळ्या रिंगा काढून खऱ्या पितळी बसवून दिल्या, फुकट. पण डाग गेले नाहीत. तुम्हीही आधी चुंबक लावून बघा, समुद्रावर न्यायचं असेल तर नक्कीच.

त्यांचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे कठडे. रात्रीच्या प्रवासात एकजण सुकाणूवर असतो आणि दुसऱ्याला तीन-चार तास खरोखर झोप लागावी लागते. बोट एका अंगावर कलली की माणूस बिछान्यावरून खाली येतो. म्हणून बिछान्याच्या मोकळ्या बाजूला कापडाचा कठडा लावतात: खालची कड गादीखालून फळीला पट्टी ठोकून पक्की, वरचे दोन कोपरे दोरीने केबिनच्या छताच्या दांड्याला. मी चित्र काढून नेलं होतं. काकांनी ते बाजूला ठेवलं, स्वतः बाकड्यावर आडवे झाले आणि म्हणाले, "खांद्यापासून गुडघ्यापर्यंत माप घ्या. तोंडापुढं कापड नको, जीव घाबरतोय." कोपऱ्यात त्यांनी ट्रकच्या ताडपत्रीला घालतात तसा तिहेरी थर आणि चौकोनात फुली अशी शिवण घातली. गेल्या डिसेंबरात आमचे हे त्यावर पूर्ण वजन टाकून झोपले. एक टाका हलला नाही.

त्याच डिसेंबरनंतर काकांनी विचारलं, आपल्यातलं कुणी असं गेलंय का. मी त्यांना दिलीप दोंदे यांच्याबद्दल सांगितलं. २००९-१० मध्ये, गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी 'म्हादेई'वरून, वाटेत चार थांबे घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एकटं असल्यावर शिवण उसवली तर कोण शिवणार?" आणि तेव्हापासून ते मला शिवायला शिकवतात. शनिवारी दुपारी दोन तास. माझ्या आईचं हाताने फिरवायचं काळं मशीन आहे, ते मी बोटीवर नेणार आहे, त्याला वीज लागत नाही. त्यांनी ते उघडून तेल घातलं, १८ नंबरची सुई लावून दिली; आता ते ॲक्रिलिकचे चार थर ओढतं. दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन हाताने शिवायलाही शिकते आहे. तळहाताला चामड्याची पट्टी बांधून सुई रेटायची. पहिले चार शनिवार हात दुखला. पण भर समुद्रात कुठलंच दुकान नसणार, तेव्हा मला हीच गोष्ट छतापेक्षा मोलाची वाटते.

अडचणी आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याचा हंगाम. तेव्हा तुमचं काम हाती घेतलं जात नाही, कितीही गोड बोला. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. मशीन सरळ टाक्याचं आहे. शिडाला नागमोडी टाका लागतो, कारण वाऱ्यात शीड ताणलं जातं, म्हणून शिडं त्यांनी घेतली नाहीत, आणि ते स्वतःहून नाही म्हणाले हे मला आवडलं. बोटीवर येऊन मापं घेत नाहीत. तुम्हीच कागदाचा किंवा जुन्या चादरीचा कच्चा नमुना कापून न्या. मी जुन्या नऊवारीचा नेला होता, तो अगदी बरोबर बसला.

आता मोठ्या शिडाचं कव्हर राहिलंय. कापड, १४ मीटर, गडद निळं, आणून कपाटावर ठेवलंय. काकांनी अक्षय्यतृतीयेनंतर या म्हणून सांगितलंय, आणि या वेळी सरळ शिवणी मी घालायच्या, कोपरे ते घालणार.