केओलिनची बाष्परोधक भुकटी: मे महिन्यातल्या द्राक्षबागेला कितपत उपयोगी?

पानांतून उडून जाणारं पाणी कमी करायला ‘बाष्परोधक’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक पांढरी केओलिन (बारीक चिकणमाती) भुकटी, दुसरं पानावर पातळ पडदा धरणारं मेणचट द्रावण. निफाड-दिंडोरीकडच्या बागेत खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यात नवी फूट काढण्यासाठी केलेल्या छाटणीनंतर) यातलं काय घ्यावं? भुकटीच. पण पाण्याला पर्याय म्हणून घेणार असाल तर तीही नको.

जमिनीतली ओल कमी झाली की वेलीत अ‍ॅबसिसिक आम्ल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. ते पर्णरंध्राच्या (पानावरच्या सूक्ष्म छिद्राच्या) दोन्ही बाजूंच्या रक्षकपेशींपर्यंत पोचलं की त्यांतलं पोटॅशियम बाहेर पडतं, पाठोपाठ पाणी जातं, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटतं. मुळाशी ओल असली तरी दुपारची कोरडी हवा रंध्रं काही प्रमाणात मिटवतेच. म्हणजे पाणी वाचवायचं काम वेल स्वतःच करते. नुकसान होतं ते त्यापुढे: कार्बन डायऑक्साइड आत येत नाही म्हणून अन्न बनणं मंदावतं, आणि बाष्प बाहेर जात नाही म्हणून पान तापतं. वाणानुसार फरकही असतो. शिराझ ताणातही रंध्रं बराच वेळ उघडी ठेवते, ग्रेनाश लवकर मिटवते.

द्राक्षाची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात, आणि खरेदीचा निर्णय इथेच होतो. पडद्याचं द्रावण खालून बसलं तरच बाष्प अडवणार, आणि बसलं की सकाळच्या थंड वेळी, वेल जोमाने अन्न बनवत असताना, कार्बन डायऑक्साइडही अडवणार. वरून मारलं तर पैसे वाया. केओलिन मात्र वरच्या बाजूलाच हवी. ती ऊन परतवते, पान थोडं थंड राहतं आणि रंध्रांना हात लागत नाही.

प्रमाण ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. ३०० लिटरच्या टाकीला १५ किलो. ८ टक्क्यांची शिफारसही ऐकायला मिळते, पण याच काळात डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती (पुढच्या घडांची घडण) चालू असते आणि तिला उजेड लागतो. जाड थर देऊन सावली करण्यात शहाणपण नाही. भुकटी थेट टाकीत ओतू नका. आधी ड्रममध्ये ४०-५० लिटर पाण्यात कालवून कापडातून गाळा, मग टाकीत टाका आणि शेवटी स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारं द्रव्य) मिसळा. ढवळणी अखंड चालू हवी. ट्रॅक्टर चहापाण्याला थांबला की भुकटी तळाशी बसते, मग नोझल तुंबतात आणि पुढच्या दोन ओळी चुन्याने रंगवल्यासारख्या दिसतात. केओलिन नोझलच्या चकत्या झिजवते. टाकी आणि नळ्या त्याच दिवशी धुवाव्या लागतात. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किंवा इतर औषधांसोबत मिसळून एक फेरी वाचवायचा मोह टाळा.

फवारणी सकाळी लवकर. वाळल्यावर पानावर एकसारखी फिकट पांढुरकी छटा दिसायला हवी. थेंबांची वर्तुळं दिसली तर स्टिकर कमी पडला किंवा पाणी जास्त झालं. नवी पानं उघडी राहतात, म्हणून दहा-बारा दिवसांनी निम्म्या प्रमाणात दुसरा हात. वळवाची सर आली की थर बराचसा धुऊन जातो. ती या मालाची मोठी मर्यादा.

रंगकामाची स्वस्त चायना क्ले (म्हणजे केओलिनच) आणून भागवणारेही आहेत. बोटांत चोळल्यावर खरखर लागली तर ती बागेत नको.

परिणाम तपासायला हातातला इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. दुपारी एक-दोनच्या सुमारास एकाच दिशेची, उन्हातली पानं फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळीत मोजा. आकडे सारखेच आले तर थर बसलेला नाही किंवा भुकटी कुचकामी आहे.

वेळ मात्र चुकवू नका. शेंड्याच्या बाळ्या (वेलीचे ताणे) दुपारी मान टाकायला लागल्या, तेव्हाच पहिला हात द्यावा. कडा करपल्यावर मारलेली भुकटी पान परत आणत नाही. मिटलेली रंध्रं तर ठिबक सोडल्यावरही लगेच पूर्ववत उघडत नाहीत. आणि गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) मणी धरले की ही पिशवी गोदामातच राहू द्या. मण्यांवर बसलेली पांढरी पूड नीट निघत नाही, पुसायला गेलात तर नैसर्गिक लव (मण्यावरचा मेणचट पांढुरका थर) जाते, आणि निर्यातीचा माल तिथेच बाद होतो.