दोर डोलकाठीच्या आतून की बाहेरून?

जिब, म्हणजे पुढचं नेहमीचं शीड, लटकून राहील इतक्या मंद वाऱ्यासाठी पुढचं आणखी एक शीड घ्यायचं ठरलं, की ते वर ओढायचं कुठून हा प्रश्न येतो. आमची होडी बेळगावात ट्रेलरवर असते, पाणी गोव्याचं आणि मध्ये चोर्ला घाट. दर खेपेला डोलकाठी उभी करायची, संध्याकाळी परत आडवी. त्यामुळे बंदरात कायम उभ्या असणाऱ्या होडीचा हिशेब आम्हाला तसाच्या तसा लागू पडत नाही.

पहिला मार्ग म्हणजे काठीला वर खाच पाडून त्यात चाक बसवायचं आणि हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर, आतून खाली आणायचा. दुसरा, वर पुढे झुकलेला स्टीलचा कडा बोल्टने बसवून त्याला फिरती कप्पी टांगायची आणि दोर बाहेरूनच सोडायचा. दोन्हीकडे दोर काठीला पुढून ताणून धरणाऱ्या तारेच्या वरून बाहेर पडायला हवा, नाहीतर तो तारेवर घासत राहतो. किती वर, हे मागच्या तारेवर ठरतं. ती थेट टोकाला बांधलेली असेल तर टोकापर्यंत जाता येतं. नसेल तर पुढच्या तारेच्या फार वर जाऊ नका, तिथे काठीला मागून आधार नसतो.

दिसायला आतला दोर देखणा, यात वाद नाही. वाऱ्याला अडथळा नाही आणि रात्री नांगरावर काठीवर टकटक नाही. बाहेरचा दोर टकटक करतो, पण तो बाजूच्या तारेला बांधून ठेवला की गप्प बसतो.

शीड मात्र नेहमी सरळ पुढेच ओढत नाही. वारा बाजूने असला की ओढ तिरकी येते आणि खाचेतला दोर कडेवर घासतो. कप्पी ओढ असेल तिकडे वळते. कोड झिरो या मंद वाऱ्याच्या शिडासारखं पुढची कड ताठ लागणारं शीड असेल तर ताण बराच येतो. तिथे आतलं भक्कम चाक बरं, असं मलाही वाटतं. साध्या ड्रिफ्टरला, म्हणजे मंद वाऱ्याच्या हलक्या शिडाला, एवढा ताण लागत नाही.

माझा निर्णय मात्र यातल्या कशानेच झाला नाही. तो झाला टोकावरच्या दिव्याच्या वायरमुळे. माझ्या मित्राच्या होडीत दोर आतून आहे आणि वायरही त्याच पोकळीत मोकळी सोडलेली. काठी आडवी केली की दोर सैल पडतो, घाटातल्या वळणांवर आत काय गुंता होतो देव जाणे. खाली उतरून काठी उभी करावी तर दोर अर्ध्यावर अडणार. जोर लावावा तर वायर तुटायची भीती, म्हणून पुन्हा काठी आडवी, पायथ्याच्या भोकातून टॉर्च मारून बघा. तोवर सकाळचे मतलई वारे पडलेले. ज्या वाऱ्यासाठी एवढा खटाटोप, तोच गेला! दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटला की जिब पुरेसं असतं, ड्रिफ्टर पिशवीतच. बाहेरच्या दोरालाही पीळ पडतो, पण तो डोळ्यांना दिसतो आणि हाताने सुटतो.

म्हणून मी कडा बसवला. आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत असलं काम कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये होतं. फक्त काठीचं टोक सोबत न्या, नुसत्या मापावर देऊ नका. स्टील आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, तेव्हा मध्ये प्लास्टिकची चकती घाला आणि बोल्टला झिंक क्रोमेटची पेस्ट लावा. आपले मिस्त्री याला हसतात, कारण त्यांच्या कामात समुद्र येत नाही.

तुमच्या काठीत वायरसाठी वेगळी पीव्हीसी नळी आधीपासून असेल तर माझा मुख्य आक्षेप गळून पडतो. मग आतला दोर खुशाल घ्या. नसेल आणि होडी ट्रेलरवर असेल, तर बाहेरचाच दोर बरा, कारण ती नळी बसवायला काठीला भोकांची रांग पाडावी लागते. माझ्या पातळ काठीला ती पाडायला माझं मन धजलं नाही.