विद्यार्थी परिषद: थेट निवडणूक की वर्गप्रतिनिधी?

माध्यमिक शाळेत विद्यार्थी परिषद बसवायची ठरली की खरी घासाघीस होते ती मुलं निवडायची कशी यावर. शिक्षकांनीच नावं ठरवायची पद्धत मी तुलनेत धरत नाही. युनिसेफने १९९२ मध्ये छापलेल्या एका निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी आहे. तिच्यात खालून दुसऱ्या पायरीचं नाव ‘सजावट’. शिक्षकांनी नेमलेली परिषद बहुतेकदा तिथेच उभी असते, बॅज लावून.

उरले दोन पर्याय. सगळ्या शाळेने मिळून थेट पदाधिकारी निवडायचे, किंवा प्रत्येक वर्गाने दोन प्रतिनिधी पाठवायचे आणि त्यांनी आपापसांत अध्यक्ष-सचिव ठरवायचे. शिक्षक म्हणून मी दोन्ही परिषदांचं काम जवळून पाहिलंय.

थेट निवडणुकीत मजा असते, हे मान्यच. भाषणं, चिठ्ठ्या, पेटी, मोजणी. गुप्त मतदान म्हणजे काय, ते त्या एका दिवसात मुलांना जेवढं कळतं तेवढं धड्यातून कळत नाही. बोलकी, मोठ्या वर्गांतली मुलंच निवडून येतात, पण तेही चालवून घेता येतं.

मला खटकलं ते पुढचं. वर गेलेल्या मागणीचं उत्तर खाली येतच नाही. मधल्या सुट्टीत वाचनालय उघडं ठेवा, अशी मागणी परिषदेने केली. मुख्याध्यापकांनी आठवड्यातले दोन दिवस मंजूरही केले. इतिवृत्तात ते सुवाच्य अक्षरात लिहिलं गेलं आणि तिथेच राहिलं. लहान वर्गांना पत्ताच नाही. वाचनालयात बसलेले कोण, तर पदाधिकारी आणि त्यांचे मित्र! अध्यक्ष सगळ्या शाळेचा असला की त्याला जाब विचारणारा वर्ग कुठलाच नसतो.

वर्गप्रतिनिधीला ही सुटका नाही. बैठक संपली की त्याला त्याच बाकावर जाऊन बसायचं असतं. वर्गशिक्षकांनी आपल्या तासातली पाच मिनिटं द्यावीत, त्याने उभं राहून सांगावं: काय मागितलं, काय मिळालं, काय नाकारलं आणि का. मागून “आणि आमच्या गळक्या नळाचं काय?” असा आवाज आला की मिटलेली वही पुन्हा उघडावीच लागते. १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ मुलांच्या मताला योग्य ते महत्त्व द्या असं सांगतं. नकाराचं कारण कळणं हे मी तरी त्यातच धरतो.

खोट इथेही आहे. बऱ्याच वर्गांत मॉनिटरलाच प्रतिनिधी करून टाकतात. फळ्यावर नावं लिहिणाऱ्याकडे तक्रार घेऊन कोण जाईल? ही दोन कामं वेगवेगळ्या मुलांकडे हवीत. शिवाय वर्गातली निवडही चिठ्ठ्यांनीच व्हावी. हात वर करायला सांगितलं की मुलं आधी शेजाऱ्याचा हात बघतात.

लहान शाळेत, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, थेट निवडणूक छान चालतही असेल. तुकड्या बऱ्याच असतील तर मात्र मी प्रतिनिधींकडे झुकेन. निवडणुकीची धामधूम हवीच असेल तर आधी वर्गावर्गांतून प्रतिनिधी येऊ द्यात, आणि मग त्यांच्यातूनच अध्यक्ष निवडायला सगळ्या शाळेचं मतदान घ्या.