जुनी पाककृतींची पुस्तकं स्वस्तात देतो म्हणून ९,८०० रुपयांना फसवलं

लिहायला लाज वाटते आहे. तरी लिहिते, कारण तो माणूस अजूनही तोच फोटो फिरवतो आहे.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याचं पाणी अरण्येश्वरला आईच्या तळमजल्यावरच्या घरात शिरलं. त्यात तिचं 'रुचिरा' गेलं. १९७० ची पहिली आवृत्ती, भाजणीच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं तिचं स्वतःचं प्रमाण. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक आजही नवं मिळतं, पण आईला तिच्याकडे होतं तसंच आणून द्यायचं माझ्या मनात होतं. अप्पा बळवंत चौकात तीनदा जाऊन आले. तिथे जुनी पुस्तकं म्हणजे बहुतेक शाळा-कॉलेजची. म्हणून जुन्या वस्तूंच्या ॲपवर "आजीच्या संग्रहातली २२ पाकशास्त्राची पुस्तकं, रुचिरा पहिली आवृत्तीसह, २,८०० रुपये" दिसलं तेव्हा मी हरखून गेले. संशय यावा इतका कमी भावही नव्हता. पुस्तकामागे सव्वाशे-दीडशे पडत होते, रस्त्यावरही साधारण तेवढेच मागतात.

माणूस मराठीत बोलत होता, "काकू, काकू" करत होता. आजीचं घर सदाशिव पेठेतलं, आता बदलीमुळे नागपूरला आलोय, पुस्तकंही सामानात इथेच आली, म्हणाला. मी विचारलं, सदाशिव पेठेत कुठे? तर म्हणे, "स्टेशनच्या मागे."

स्टेशनच्या मागे! पुणे स्टेशन तिथून कितीतरी लांब. सदाशिव पेठेतला माणूस खूण म्हणून भिकारदास मारुती सांगेल, खुन्या मुरलीधर सांगेल. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, मुलगा लहान असेल, आजीचं घर नीट आठवत नसेल. त्याच्या वतीनं सबब मीच शोधून दिली.

त्याहून जास्त जळतं ते फोटोचं. पुस्तकाच्या मागच्या बाजूचा फोटो मी स्वतः मागून घेतला होता, दोन बोटांनी मोठा करून बघितला होता. कोपऱ्यावर हळदीचा डाग होता, त्याच्याकडेच मी बघत बसले, कारण आईच्या पुस्तकावरही तसाच होता. आणि डागाच्या वर बोटभर अंतरावर काळ्या-पांढऱ्या रेघांचा बारकोड. १९७० च्या पुस्तकावर बारकोड कुठून येणार? तीस वर्षं मी जुनी पुस्तकं हाताळते आहे. तो बारकोड मला दिसला होता, हे मला पक्कं आठवतं.

आधी ५०० टोकन ("संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय"). मग उरलेले २,३००. मग कुरिअरचा विमा १,७५०, पार्सल हातात पडलं की परत. दोन दिवसांनी पार्सल "अडकलं", विम्याचे पैसे लगेच परत करतो म्हणाला आणि क्यूआर पाठवला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पिन टाकला, आणखी १,७५० गेले. "सर्व्हरचा घोळ झालाय, दोन्ही मिळून ३,५०० परत टाकतो, पुन्हा स्कॅन करा." तेही गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला माहीत होतं हो. पण गेलेले पैसे परत मिळवायच्या घाईत माणसाला माहीत असलेलं आठवत नाही.

असं झालं तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी चार तास घरात कोणाला सांगितलं नाही, तेवढ्यात त्या खात्यातून पैसे पुढे गेले.

बँकेत साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय, आमची जबाबदारी नाही." किमान तक्रार लिहून तर घ्या! त्यासाठी तीन खिडक्या फिरले. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला गेलेत". दुसऱ्या दिवशी "ही आमची हद्द नाही". १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे बोलले तर हवालदार म्हणाला, "मग तुम्हीच करा तपास." आणि शेजारचा हसत म्हणाला, "काकू, रेसिपी यूट्यूबवर फुकट मिळतात की." माझे पैसे कशासाठी गेले, हा त्यांचा प्रश्न आहे का? लाखांच्या केसेस पडल्यात, नऊ हजारांचं काय घेऊन बसलात, हेही ऐकवलं. अकरा आठवडे झाले. हातात तक्रारीचा क्रमांक आहे, बाकी काही नाही.

जुनं पुस्तक घेताना अमुक पान उघडून, शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून फोटो मागा. ज्याच्याकडे पुस्तक आहे तो दोन मिनिटांत पाठवतो. आधी आपल्या भागातल्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा, घरं रिकामी होतात तेव्हा स्वयंपाकाची पुस्तकं त्याच्याकडेच किलोवर येतात. स्क्रीनशॉट आधी काढा, मग भांडा. मी आधी भांडले, त्यानं सगळे मेसेज पुसले.

परवा मैत्रिणीला तीच जाहिरात आली. आता भाव २,६०० आणि आजी कोथरूडची. निळ्या फुलाफुलांच्या चादरीवर मांडलेली पुस्तकं, डाव्या कडेला अर्धवट दिसणारा स्टीलचा डबा. हा फोटो दिसला तर एक रुपयाही पाठवू नका.