पत्रिका किती, पानं किती: लिनक्स सर्व्हरवर मेमरीची मर्यादा कुठे घालावी?

लग्नघरी पाचशे पत्रिका वाटल्या, तरी आचाऱ्याला साडेतीनशे पानांचाच अंदाज देतात. सगळे येत नाहीत, आलेले एकदम बसत नाहीत, हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असतं. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीच्या बाबतीत असंच वागतं. प्रोग्रॅमने 4 जीबी मागितले की कर्नल पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) देऊन मोकळं होतं. प्रत्यक्ष रॅममधलं 4 केबीचं पान मिळतं ते प्रोग्रॅम तिथे पहिल्यांदा काही लिहितो तेव्हा. पत्त्यांना तोटा नाही: नेहमीच्या 64 बिट इंटेल-एएमडी मशीनवर एका प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) 128 टीबी इतकी व्हर्च्युअल जागा मिळते. तोटा असतो तो पानांचा.

म्हणून मर्यादा ठरवताना पहिला प्रश्न 'किती' हा नसतो. नकार कधी ऐकायचा, मागताना की वापरताना, हा असतो. मागताना नकार मिळाला तर प्रोग्रॅमला 'मेमरी नाही' असं उत्तर येतं आणि त्याला सावरायला वाव असतो. वापरताना पानं संपली तर नकार द्यायला जागाच उरत नाही. मग ओओएम किलर (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) येतो आणि कुणाला तरी भरल्या ताटावरून उठवतो.

कर्नलची मुख्य कळ म्हणजे व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी. तिच्या किमती तीन: 0, 1 आणि 2.

0 ही मुळातली सेटिंग. आजच्या कर्नलमध्ये तिचा अर्थ अगदी ढोबळ आहे: एकाच मागणीत एकूण रॅम आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) यांच्या बेरजेपेक्षा जास्त मागितलं तरच नकार. दहा प्रोसेसनी मिळून रॅमच्या तिप्पट मागितलं तरी चालतं. 1 म्हणजे तेवढाही नकार नाही. रेडिसवाले (रेडिस हा रॅममध्ये राहणारा डेटाबेस) हीच सुचवतात, आणि त्यामागचं कारण खरं आहे: डिस्कवर प्रत काढताना रेडिस स्वतःला फोर्क करतो (स्वतःचीच दुसरी प्रोसेस काढतो), कागदोपत्री मेमरी दुप्पट दिसते, पण पानं दोघांत सामायिक असतात आणि बदललेल्या पानांचीच वेगळी प्रत निघते. ज्या मशीनवर फक्त रेडिस आहे आणि त्याची स्वतःची कमाल मेमरी नीट बांधलेली आहे, तिथे 1 ठेवा. बाकी ठिकाणी 1 ठेवायला मला सबळ कारण सापडलेलं नाही.

2 मात्र वेगळ्या स्वभावाची आहे. इथे पत्रिका पानांचा हिशेब करूनच वाटल्या जातात. हिशेब असा: रॅममधून ह्यूज पेजेससाठी (नेहमीपेक्षा मोठ्या पानांसाठी) राखलेली मेमरी वजा करा, उरलेल्याचे ओव्हरकमिट_रेशोइतके टक्के घ्या, त्यात स्वॅप मिळवा. हा आकडा /प्रॉक/मेमइन्फोमध्ये कमिटलिमिट नावाने दिसतो, आणि आतापर्यंत वाटलेल्याची बेरीज त्याच्याच खाली कमिटेड_एएस या नावाने. विंडोज पहिल्यापासून असंच चालतं, रॅम आणि पेजफाइल मिळून जेवढं तेवढंच कबूल करतं. लिनक्समध्ये ते तुम्हाला मुद्दाम निवडावं लागतं.

यातली मेख आहे ती रेशोमध्ये. तो मुळात 50 असतो. 16 जीबी रॅम आणि 2 जीबी स्वॅप असेल तर मर्यादा 10 जीबी. क्लाउडवरच्या मशीनला बहुधा स्वॅप नसतोच, म्हणजे 8 जीबी. मी सांभाळत होतो त्या एका मशीनवर 2 लावलं आणि रेशोला हात लावला नाही. दिवसभर काही झालं नाही. रात्री रिपोर्ट काढणारी दीड जीबीची प्रोसेस फोर्क करायला गेली आणि 'कॅनॉट ॲलोकेट मेमरी' म्हणून पडली. फ्री कमांड मात्र सहा जीबी मोकळे दाखवत होती. अर्धा तास मी चुकीच्या जागी शोधत होतो, कारण मी पानं मोजत होतो आणि कर्नल पत्रिका मोजत होतं. कमिटेड_एएस सात जीबीच्या वर होतं, फोर्कला अजून दीड हवे होते, मर्यादा आठची. रेशो 85 केला आणि ते काम परत कधी पडलं नाही. टक्क्यांऐवजी नेमका आकडा द्यायचा असेल तर ओव्हरकमिट_केबाइट्स आहे. दोन्हींपैकी एक ठेवलं की दुसरं शून्य होतं.

एवढी डोकेदुखी असूनही डेटाबेससाठी मी 2 ची बाजू घेतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अधिकृत दस्तऐवजातही हाच सल्ला आहे. मेमरी मागताना नकार मिळाला तर ज्या क्वेरीने मागितली तेवढीच रद्द होते, बाकीचे लोक काम करत राहतात. पण ओओएम किलरने पोस्टग्रेसची एक जरी बॅकएंड प्रोसेस (एका कनेक्शनचं काम पाहणारी) मारली, तरी मुख्य प्रोसेस सामायिक मेमरीवर विश्वास ठेवू शकत नाही. ती सगळी कनेक्शन तोडते आणि रिकव्हरीला बसते. एका जड क्वेरीपायी सगळ्यांचं काम थांबतं. शिवाय ओओएम किलर बहुतेक वेळा सगळ्यांत जास्त खाणाऱ्याकडे बोट दाखवतो, आणि डेटाबेसच्या मशीनवर तो डेटाबेसच असतो. मुख्य प्रोसेसचा ओओएम_स्कोअर_अ‍ॅडज उणे 1000 करून तिला वाचवता येतं, तेही कराच, पण तो दुसरा बंदोबस्त झाला.

आता युलिमिट -व्ही, शेलमधून घालायची मर्यादा. ही मर्यादा एकेका प्रोसेसला लागते, केबीमध्ये द्यायची असते, आणि ती सगळे पत्ते मोजते: नुसते राखून ठेवलेले, कधीच न वापरलेले, सगळे. 2 ची सेटिंग निदान एवढं पाहते की मेमरी लिहिण्याजोगी आहे का. युलिमिट तेही पाहत नाही. याचा फटका कसा बसतो ते जावावर बघा. हीप (जावाच्या ऑब्जेक्ट्सची जागा) 2 जीबी सांगितली, तर तेवढे पत्ते राखले जातात. क्लासेससाठी मुळात 1 जीबी राखीव, कोड कॅशसाठी 240 एमबी, दर थ्रेडच्या स्टॅकला साधारण 1 एमबी. त्यावर ग्लिबसी या सी लायब्ररीचे अरीना (मेमरी वाटपाचे साठे), प्रत्येकी 64 एमबी, आणि कोअरच्या आठपट इतके होऊ शकतात. आठ कोअर असतील तर तेवढेच 4 जीबी झाले. हे बहुतेक पत्ते रिकामेच असतात, पण 4 जीबीची युलिमिट लावली असेल तर जावा उभं राहणंही कठीण. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावलेला प्रोग्रॅम तर कित्येक टीबी पत्ते घेतो, तिथे हा विषयच संपला. शिवाय मर्यादा दर प्रोसेसला असल्याने वीस पोरं काढणारा प्रोग्रॅम वीसपट खाऊ शकतो. तरीही एक जागा आहे जिथे ती मला आवडते: बाहेरून आलेल्या फाइलवर चालणारा छोटा सी प्रोग्रॅम, चित्राचा आकार बदलणारा किंवा पीडीएफ उलगडणारा. बिघडलेल्या फाइलमुळे त्याने 30 जीबी मागितले तर मागतानाच नकार मिळतो आणि तो सरळ चूक सांगून थांबतो. युलिमिट -एम (वापरलेल्या रॅमची मर्यादा) मात्र विसरा. आजचं लिनक्स ती पाळतच नाही.

सीग्रुपची (प्रोसेसच्या गटाची) मर्यादा याच्या उलट्या टोकाची. मेमरी.मॅक्स पत्ते मोजतच नाही, वापरलेली पानं मोजते, पेज कॅशसकट (फाइलींच्या रॅममधल्या प्रतींसकट), आणि गटातल्या सगळ्या प्रोसेस मिळून. सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीमध्ये मेमरीमॅक्स लिहा किंवा कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये लिमिट लिहा, शेवटी तेच लागतं. जावाने 10 जीबी पत्ते घेतले तरी हिला फरक पडत नाही, म्हणून आजच्या भाषांशी हिचं जमतं. पण मागताना नकार इथे कधीच मिळत नाही. मर्यादा ओलांडली आणि परत मिळवण्यासारखं काही उरलं नाही, की गटातलीच प्रोसेस मारली जाते. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की शेजारच्या गटाला झळ लागत नाही. मॅक्सच्या जरा खाली मेमरी.हाय ठेवा: तिथे प्रोसेस मारली जात नाही, तिचा वेग आवळला जातो आणि कर्नल पानं परत घ्यायला लागतं. त्या अवधीत तुमचा अलर्ट वाजू शकतो.

व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट हीही व्हर्च्युअल मेमरीचीच मर्यादा, पण एका प्रोसेसच्या पत्त्यांच्या तुकड्यांच्या संख्येची. मुळात 65530. इलॅस्टिकसर्च या शोध-इंजिनला किमान 262144 लागतं, ते वाढवा आणि पुढे चला.

तर तुमच्या मशीनवर काय? डेटाबेस एकटा असेल तर 2, रेशो 80 ते 90, आणि थोडा तरी स्वॅप. अनेक सेवा एकत्र नांदत असतील तर 0 तशीच राहू द्या आणि प्रत्येक सेवेला मेमरीहाय आणि मेमरीमॅक्स बांधा. अशा मशीनवर 2 लावलं तर एका सेवेच्या उधळपट्टीचा नकार भलत्याच सेवेला ऐकावा लागतो. डेटाबेस आणि जावाची सेवा एकाच मशीनवर असेल, आणि लहान कार्यालयांत ती बहुतेक असतेच, तर मी जावाला सीग्रुपमध्ये बांधतो, डेटाबेसची मुख्य प्रोसेस ओओएमपासून वाचवतो आणि 0 वर राहतो.

2 वर जायचं ठरलं तर आधी एक आठवडा दर मिनिटाला कमिटेड_एएस टिपून ठेवा. बॅकअपची रात्र आणि महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे. त्या आठवड्यातला सर्वांत मोठा आकडा कमिटलिमिटच्या तीन चतुर्थांशाच्या वर जात असेल, तर आधी रॅम किंवा स्वॅप वाढवा, कळ मग फिरवा.